झंझावीराला हिरवी टिकली

आजऱ्याच्या एका शाळेत खेळाच्या सामानाच्या खोलीचं कुलूप एका महिन्यात दोनदा तुटलं. पहिल्यांदा ते कबड्डीचा कप्तान वेदांग यानं तोडलं. सामना सुरू व्हायला आला होता, जर्सी आत होत्या आणि चावीवाले शिपाईमामा जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा ते सहावीतल्या हौसा चौगुलेनं तोडलं, कारण आत मांजराचं पिल्लू अडकून केकाटत होतं. दोघांनीही दगड घेतला, दोघांनीही कुणाला विचारलं नाही. वेदांगला मिळाली शाबासकी आणि हौसाचं नाव सहलीतून कापलं गेलं. अहो, हा कुठला न्याय?

आणि सहल तरी कुठली? किनाऱ्यावरच्या नव्या अवकाशतळावरून चंद्राकडे यान उडणार होतं, ते पाहायला! ही गोष्ट अजून तीसेक वर्षांनी घडणार आहे, पण मी ती घडून गेल्यासारखी सांगतो, तेवढी सूट मला द्या.

हा न्याय केला होता निवाडानं. गावात तंटामुक्ती समिती असते ना, तसा शाळेतली भांडणं मिटवायला ठेवलेला हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). तो कुणाचा मामा नाही, कुणाचा काका नाही, म्हणून पोरं त्याचं मुकाट्यानं ऐकायची. त्याला बनवलं होतं भाऊआजोबांनी. ते निवृत्त संगणकशास्त्रज्ञ, आणि हौसाच्या वर्गातल्या मृण्मयीचे सख्खे आजोबा.

या मृण्मयीच्या जिवाची आज नुसती घालमेल चालली होती. शनिवार, सकाळची शाळा सुटलेली. उद्या पहाटे बस. जेवायला बसली. उठली, खिडकीत गेली, परत आली. शेवटी ताटावरून उठून ती तडक आजोबांच्या खोलीत शिरली.

"भाऊआजोबा, तुमचा निवाडा बिघडलाय."

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "माझं यंत्र? छट्!"

मृण्मयीनं दोन्ही कुलपांची हकिगत सांगितली. आजोबा ऐकता ऐकता खोलीत येरझाऱ्या घालू लागले. एका जागी बसणं त्यांनाही ठाऊक नव्हतं. "हौसाचा निकाल कधीचा?" त्यांनी विचारलं.

"बारा दिवस झाले."

"बारा दिवस! आणि मला आज सांगतेस? चल आधी शाळेत."

शाळेच्या व्हरांड्यात निवाडा उभा होता. मुख्याध्यापिका देसाईबाई उद्याच्या सहलीची यादी करत बसल्या होत्या. त्यांनी परवानगी दिली आणि खुर्ची ओढून त्याही बघायला बसल्या.

"ऐक मने," आजोबा म्हणाले, "यंत्र नेमकं कुठं चुकतंय ते शोधायचं असेल, तर सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. जी बदलतो तिला म्हणतात चल (म्हणजे प्रयोगात आपण मुद्दाम बदलतो ती बाब). आपलं चल काय? तर नाव. कृत्य तेच, नाव वेगळं."

त्यांनी निवाडाला विचारलं, "झंझावीरानं कुलूप तोडलं. कसं वाटतं?"

"साहस," निवाडा म्हणाला. "अभिनंदन करावं."

"काजळ्यानं कुलूप तोडलं."

"गुन्हा. कठोर शिक्षा करावी."

"ठिणगीनं कुलूप तोडलं."

"ठिणगी फार रागीट आहे. तिला समज द्यावी."

देसाईबाईंनी कपाळावर हात मारला. ही तिघंही मृण्मयीच्या लाडक्या चित्रकथांमधली. झंझावीर म्हणजे वाऱ्याच्या वेगानं उडणारा महानायक, काजळ्या त्याचा शत्रू, आणि ठिणगी ही झंझावीराची मदतनीस. झंझावीर चिडला की आख्खं शहर टाळ्या वाजवायचं आणि ठिणगी चिडली की तिला सगळे म्हणायचे, जरा शांत हो बाई.

"आता नावच काढून टाकतो," आजोबा म्हणाले. "कुणीतरी कुलूप तोडलं."

निवाडा म्हणाला, "माहिती अपुरी आहे. आधी तो कोण आहे ते सांगा."

आजोबा मटकन पायरीवर बसले. "अरे देवा! याला कृत्य कळतच नाही. हा फक्त माणूस बघतो. म्हणजे त्याच्या डेटातच (यंत्राला शिकवायला दिलेल्या माहितीत) खोट आहे. पण डेटा तर आपण चांगला चार हजार पानांचा दिला होता!"

ती चार हजार पानं मृण्मयीनंच टिकल्या लावून दिली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांनी तिला काम सांगितलं होतं. निवाडाला बरंवाईट शिकवायचं, तर चित्रकथेतलं एकेक चित्र बघायचं, त्यात कोण काय करतंय ते वाचायचं, चांगलं असेल तर हिरवी टिकली लावायची आणि वाईट असेल तर लाल. पहिल्या दिवशी तिनं दीडशे चित्रं तपासली. दुसऱ्या दिवशी मान दुखायला लागली. तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. झंझावीर दिसला की हिरवी, काजळ्या दिसला की लाल आणि ठिणगीला अधलीमधली पिवळी. वाचायची कटकटच नको! आठ दिवसांत काम फत्ते. आजोबांनी आईस्क्रीमसुद्धा दिलं होतं.

"आजोबा," ती रडवेली होऊन म्हणाली, "मी टिकल्या कृत्याला नाही लावल्या. मी त्या माणसांना लावल्या."

तिनं सगळं सांगून टाकलं. आता आजोबा ओरडणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. पण ते ओरडले नाहीत.

"दुसऱ्या कुणाचं काम असतं, तर मी तीनदा तपासलं असतं," ते हळूच म्हणाले. "तुझं तपासलं नाही. का? तर माझी नात! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. यालाच शास्त्रात बायस म्हणतात गं (म्हणजे तराजू एका बाजूला झुकलेला असणं). तू तो निवाडात भरलास आणि मी डोळे झाकून बटण दाबलं."

"पण वेदांग आणि हौसा तर चित्रकथेतले नाहीत ना?" देसाईबाईंनी विचारलं.

"नाहीत. पण झंझावीराच्या भोवती कायम टाळ्या असतात. वेदांगचं नाव तुमच्या कौतुकाच्या फलकावर किती वेळा आलं असेल? यंत्राला वाटलं, हा झंझावीरच. हौसा जूनमध्ये नवी आली, फलकावर तिचं नाव नाही. वर भुवया सदा आक्रसलेल्या, आणि काजळ्या तसाच काढलेला असतो. झालं, यंत्राच्या लेखी ती काजळ्या ठरली."

"तिला फळ्यावरचं दिसत नाही, म्हणून ती डोळे बारीक करते," मृण्मयी म्हणाली. असं म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण हे तिला जूनपासून ठाऊक होतं.

चार वाजले होते. चार हजार पानं आता कोण तपासणार? आजोबांनी उपाय काढला. नमुना (मोठ्या ढिगातून कसंही उचललेला थोडा भाग) घ्यायचा. न बघता, कशीही उचललेली दोनशे चित्रं पुरतील. देसाईबाईंनी कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येक चित्रातल्या पात्राचा चेहरा, पोशाख, नाव झाकून टाकलं. मृण्मयीनं फक्त चार गोष्टी सांगायच्या: काय केलं, कशासाठी केलं, कुणाला लागलं, नंतर भरपाई केली का. त्यावरून टिकली ठरवायची.

ती भराभर सांगू लागली. लाल, हिरवी, हिरवी, लाल. मग एका चित्रापाशी अडखळली. कुणीतरी टोमॅटोनं भरलेला टेम्पो उचलून शत्रूवर फेकला होता. हे पान तिनं वीस वेळा तरी वाचलं असेल. पण कोपऱ्यात, बोटाएवढा, डोक्याला हात लावून उभा असलेला टेम्पोवाला तिला आज पहिल्यांदा दिसला. त्याच्या टेम्पोची भरपाई कुणी केली? पुढच्या पानावर तर झंझावीराची मिरवणूकच होती!

"हा झंझावीर आहे," ती पुटपुटली. "मला माहितीये. याला लाल नाही लावणार मी."

"चिठ्ठीखाली कोण आहे ते विचारलंय का तुला?" आजोबा म्हणाले.

तिनं ओठ दाबले आणि लाल टिकली लावली. थोड्या वेळानं एका चित्रात कुणीतरी कैद्याला गुपचूप पाणी पाजताना दिसलं. तिनं हिरवी लावली. नंतर चिठ्ठी काढली, तर खाली काजळ्या!

सव्वासहाला निवाडाला नव्यानं शिकवून झालं. आजोबांनी दोन्ही कुलपांची हकिगत नावांशिवाय सांगितली. या वेळी यंत्रानं कोण ते विचारलं नाही.

"दोघांनीही न विचारता कुलूप तोडलं. हा दोष आहे. एकानं खेळासाठी तोडलं, एकानं जीव वाचवायला. दुसरं कारण मोठं आहे. दोघांनी मिळून नवं कुलूप बसवावं. सहलीला दोघांनीही जावं."

"बरोबर," देसाईबाई म्हणाल्या आणि त्यांनी यादीत हौसाचं नाव लिहिलं. "पण तिला निरोप कोण सांगणार?"

मृण्मयीनं निवाडाकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, चूक शोधून काढल्याबद्दल तो आपलं कौतुक करेल. वेदांगला म्हणाला होता तसं, साहस, शाबास! तिनं नाव न घेता विचारलं, "एकीनं काम न वाचता केलं. त्यामुळे दुसरीला शिक्षा झाली. पहिलीला बारा दिवस शंका होती, तरी ती गप्प बसली. शेवटी तिनं खरं सांगितलं. पहिलीचं काय?"

"खरं सांगितलं, हे चांगलं," निवाडा म्हणाला. "पण जिला लागलं, तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. भरपाई बाकी आहे."

ती पळतच सुटली. हौसाचं घर तिठ्याच्या पलीकडे. हौसा अंगणात भांडी घासत होती. मृण्मयीनं धापा टाकत सगळं सांगितलं, टिकल्या, युक्ती, आईस्क्रीम, काहीच लपवलं नाही. "माझं चुकलं," ती म्हणाली. "उद्या तू येणार आहेस. बाईंनी नाव लिहिलंय."

हौसानं तवा खाली ठेवला. "एक विचारू? माझ्याऐवजी वेदांगचं नाव कापलं असतं, तर तू आजोबांना कधी सांगितलं असतंस?"

वेदांग मृण्मयीच्या गल्लीतला, लहानपणापासूनचा दोस्त. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण तिला ते जमेना.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

मृण्मयीला वाटलं, आता ही आत जाऊन दार लावून घेणार, आणि तसं केलं तरी आपल्याला बोलायला तोंड नाही. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंसुद्धा नाही.

हौसानं हात धुतले, परकराला पुसले.

"बस किती वाजता सुटते?" तिनं विचारलं. "आणि खिडकी मी घेणार."