दोन पावलं मागे

बातमी मिस्त्रींच्या बहिऱ्या कानाकडून आली. लाकडाच्या गिरणीत मोठी करवत चालू होती. मुकादम उजवीकडे येऊन उभा राहिला, सांगायचं ते त्याने सांगितलं, आणि मिस्त्री फळी पुढे सरकवत राहिले. तीस वर्षं करवतीशेजारी उभं राहून त्यांचा उजवा कान गेला होता. शेवटी मुकादमाने करवत बंद केली, फिरून डावीकडे आला आणि तेच पुन्हा सांगितलं. दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीशी कामावर बसल्या बसल्या मिस्त्रींच्या बायकोची, बाईंची, मान खाली गेली, ती वर आलीच नाही. असली गोष्ट माणसाला एकदा सांगणंच जड, मला ती दोनदा सांगावी लागली, असं मुकादम पुढे म्हणत असे.

गिरणीत त्यांची एक जुनी थट्टा होती. लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात, आमच्या मिस्त्रींना दुसरं दारच नाही, आत गेलं ते आतच. आता ही थट्टा कुणी करत नव्हतं, पण ती खरी होती. आदल्या संध्याकाळी एकटीच जंगलातून परतलेल्या बायकोने घरात शिरता शिरता म्हटलेलं एक वाक्य त्यांच्या आत तसंच पडून होतं : "ढोली सापडली हो. झाडाचा नंबर उद्या लिहिते."

तो उद्या उजाडला, पण नंबर लिहायचा राहिला.

बाई अठरा वर्षं जंगलखात्यासाठी वनघुबडांची मोजदाद करत होत्या, हौसेने. यंदा जंगलाच्या जुन्या भागावर तोडीची खूण पडली होती. घुबडाची पिल्लं असलेलं झाड आणि भोवतीची शंभर पावलं सोडायची, असा नियम होता. पण त्या झाडाला ठोकलेल्या पत्र्यावरचा नंबर महिनाअखेरपर्यंत कागदावर यायला हवा. नाही आला तर सगळाच भाग आडवा होणार, आणि ती खोडं येणार कुठे, तर मिस्त्रींच्याच करवतीखाली.

खात्याचे बाबू घरी येऊन गेले. चहाला नको म्हणाले, टोपी हातात धरून बसले. "वाईट वाटतं सांगायला, मिस्त्री. बाईंचा कागद अपुरा आहे. तीन दिवस मी थांबवतो. चौथा माझ्या हातात नाही."

"मी जातो," मिस्त्री म्हणाले.

बाबू गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, मागून सायकलची घंटा वाजली तर तुम्ही भलतीकडेच उडी मारता. घुबड कसं शोधणार?"

"ऐकू तर येतं मला."

"येतं. पण कुठून?"

एका कानाच्या माणसाला आवाज मिळतो, दिशा मिळत नाही. अठरा वर्षं त्यांची दिशा म्हणजे बायको. जंगलात ती कायम त्यांच्या उजवीकडून, दोन पावलं मागे चालायची. "तुमचा चांगला कान पाखरांना द्या," म्हणायची, "माझं काय, घरी आहेच ऐकायला." साद आली की ती त्यांचे खांदे धरून त्यांना त्या बाजूला वळवायची, आणि मग कागदावर बाण काढायची.

पहिल्या संध्याकाळी मिस्त्री जुन्या भागात जाऊन उभे राहिले. ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं. नराने साद घातली, लांबलेली, शेवटी थरथरणारी. तिचा शेवट होतो न होतो तोच मादीने उत्तर दिलं. दोन्ही आवाज असे जुळले होते की परक्याला वाटावं एकच पक्षी बोलला. हीच जोडी इथे अकरा वर्षं होती. वनघुबडाने एकदा जागा धरली की ते ती सोडत नाही, आणि जोडीदारही सोडत नाही; ढोली तेवढी दर वर्षी वेगळी. मादी महिनाभर अंड्यांवर बसते. नर तिला खाऊ घालतो. स्वतः उपाशी राहील, पण आधी ढोलीवर जाईल. मिस्त्रींना हे सगळं बायकोने शिकवलेलं होतं. आता त्यांना दोघांचाही आवाज नीट ऐकू येत होता, आणि तो सगळ्या जंगलातून येत होता.

मग त्यांच्या हातून चूक झाली. लाकडाचा माणूस पोकळ खोड कसं ओळखतो, तर ठोकून. समोरच्या जुन्या झाडावर त्यांनी सवयीने बोटाच्या पेराने ठोकलं. खोड बोललं, पोकळ होतं. पण त्या क्षणी सगळं जंगल गप्प झालं. अंधार होईपर्यंत परत साद आली नाही. खोड कधी ठोकायचं नाही, मादी अंडी टाकून जाते, हे तिने शंभरदा सांगितलं होतं. घरी परतताना ते म्हणाले, "पुन्हा नाही करणार." आपण हे कुणाला म्हणालो, हा विचार त्यांच्या मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच गेले आणि जमीन बघत फिरले. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केसांची गोळी करून ओकून टाकतं. अशा तीन ताज्या गोळ्या दिसल्यावर त्यांनी वर पाहिलं. नर तिथेच होता, खोडाला लागून. सालीचाच एक तुकडा जरा फुगल्यासारखा. डोळ्यांच्या नुसत्या चिरा.

मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. चांगल्या कारागिराला दुसऱ्या कारागिराच्या हाताबद्दल वाटावा तसा आदर त्यांना ह्या पक्ष्याबद्दल वाटत असे. त्याचा एक कान किंचित वर, एक किंचित खाली, म्हणून पानांखालचा उंदीर त्याला बोटभरही चुकत नाही. चेहरा म्हणजे आवाज गोळा करायची ताटली. एकदा बायकोने त्याचं गळलेलं पीस आणलं होतं. त्याची कड फणीसारखी विरळ होती, म्हणून पंख हवा कापतो पण वाजत नाही. मिस्त्री म्हणाले होते, "असे दाते करवतीला बसवता आले असते तर माझा कान वाचला असता." ती म्हणाली होती, "मग माझं सगळं ऐकावं लागलं असतं."

नर इथे म्हणजे मादी जवळच. पण इथे तीसेक जुनी झाडं होती, आणि प्रत्येकाला दोन-चार ढोल्या. मिस्त्री हळूहळू चालू लागले. घुबडाचे डोळे खोबणीत पक्के बसलेले असतात, बघायचं तर मान फिरवावी लागते. त्याची मान मिस्त्रींच्या चालीबरोबर फिरत होती.

मिस्त्री थांबले. मान थांबली नाही. अजून दोन पावलांइतकी सरकली, आणि मग थांबली.

त्यांना वाटलं, खार असेल. खार दिसली नाही. मग वाटलं, आपल्या पायाखालची पानं उशिरा सरकत असतील. मिस्त्री असे सोडणारे नव्हते. त्यांनी एक फांदी घेतली, वीस पावलांची वाट झाडून स्वच्छ केली, बूट काढले आणि उघड्या मातीवरून अनवाणी चालले. थांबले.

मान दोन पावलं सरकली आणि थांबली.

मिस्त्रींनी नीट नजर लावून पाहिलं. घुबडाचा चेहरा त्यांच्याकडे नव्हताच. तो त्यांच्या उजवीकडे, थोडा मागे, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर रोखलेला होता. बायकोचं डोकं त्यांच्या खांद्याला लागायचं.

त्यांनी बूट घातले. नाडी बांधायला बराच वेळ लागला.

घरी लेकीने विचारलं, "सापडलं का काही?"

"नर दिसला."

"आणि?"

"चांगला आहे. ऐकतो."

तिसऱ्या दिवशी ते ऊन उतरताना गेले. हा शेवटचा दिवस होता. नर त्याच फांदीवर होता, आता डोळे पूर्ण उघडे, काळे, ओले. मिस्त्री त्याच्यासमोर उभे राहिले.

मग ते साध्या आवाजात म्हणाले, "मला दिशा कळत नाही. तुला ठाऊक आहे."

त्यांनी पाऊल उचललं नव्हतं. तरी घुबडाची मान फिरू लागली.

माणूस चालतो त्या गतीने. मध्ये एकदा अडखळली, तिथे वाटेवर मूळ वर आलेलं होतं. मग पुढे.

मिस्त्री त्या नजरेमागे निघाले. दहा पावलं जायचे, वळून नराकडे पाहायचे, पुन्हा जायचे. डाव्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं.

मान थांबली.

समोर एक कललेलं झाड होतं. दोन पुरुष उंचीवर ढोली. ढोलीच्या काळोखात एक गोल, तपकिरी चेहरा, आणि त्याच्या खाली पांढऱ्या लवीचं काहीतरी हललं.

पत्रा शेवाळाने झाकला होता. कुणीतरी बोटाने पुसून अंक उघडे केले होते. चारशे सतरा. बाईंनी त्या संध्याकाळी पुसले असणार.

मिस्त्रींनी नंबर लिहिला. बाण काढला. तिच्यासारखा सरळ नाही आला.

मागून नराने साद घातली. ढोलीतून लगेच उत्तर आलं. मिस्त्रींनी वळून नराकडे पाहिलं.

त्याचा चेहरा आता झाडाकडे नव्हता. तो माणसाच्या चालीने सावकाश मिस्त्रींकडे वळत होता. मिस्त्रींपर्यंत आला आणि त्यांच्या उजवीकडे स्थिरावला.

ह्या वेळी दोन पावलं मागे नाही. अगदी शेजारी.

कागद वेळेत पोचला. बाबूंनी शिक्का मारला. जुना भाग उभा आहे, पिल्लं फांदीवर आली आहेत. अजून उडता येत नाही, पण खाली पडली तर चोच आणि नखं रोवून खोड चढून वर जातात. मिस्त्री रोज संध्याकाळी बघायला जातात. अरुंद वाटेवर डाव्या कडेने चालतात, उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडून. सगळं झालं आहे. फक्त उजवीकडे वळून बघायचं राहिलं आहे.