शेवटच्या घराला दिलेली हाक

हे रात्रीचं नाही. भर दुपारचं आहे.

आधीच सांगून टाकते, कारण असलं काही फक्त अमावस्येला घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांना हे खोटंच वाटणार. वाटू दे. मी कोणाला पटवायला बसलेले नाही. यात माझे बाबा आहेत आणि त्यांच्याबद्दल मी थापा मारणार नाही.

ठिकाण पूर्णा, जिल्हा परभणी. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी एक छोटी गल्ली. दिवस मागच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेचा.

बाबा भोसरीला एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर पुण्यात भाडं भरून म्हातारपण काढणं शक्यच नव्हतं. आईचं माहेर सोनपेठकडचं. ती म्हणाली, पूर्णेत घर स्वस्त मिळतं, पुण्याहून थेट गाडी आहे, आणि भाजीवालीशी भांडायला आपली बोली आहे. बाबांनी जमवलेलं सगळं त्या दोन खोल्यांच्या घरात घातलं. परत फिरायला काही शिल्लक ठेवलं नाही.

लोक मला विचारतात, "मग पहिल्याच दिवशी का नाही निघाले?"

कुठे जाणार होते?

आता गल्लीची पद्धत सांगते. उन्हाळ्यात तिथे नळाला रोज पाणी नसतं आणि कधी येईल त्याचा नेम नसतो. म्हणून ज्याच्या नळाला आधी धार लागेल त्याने शेजारच्या घराला हाक द्यायची. शेजारच्याने पुढच्याला. अशी हाक गल्लीच्या तोंडापासून आतपर्यंत जाते. बाबांना हे इतकं आवडलं की काही विचारू नका. भोसरीत शेजारचे काका वारले ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं होतं.

अक्षय तृतीयेला मी रजा काढून गेले होते. गेलेल्या माणसांच्या नावाने घरोघरी पाण्याची घागर भरून पूजतात तो दिवस. जेवणं झाली होती. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

शेजारच्या कुसुमबाईंची हाक आली. "ओ पुणेकर! पाणी आलं!"

बाबा उठलेच. त्यांना राहायला येऊन आठवडा झाला होता, ही त्यांची पहिली हाक. मला म्हणाले, "तू पाइप लाव. मी पुढे सांगून येतो."

पुढे एकच घर होतं. गल्लीच्या टोकाला, दार पलीकडच्या बाजूला. आमच्याकडून त्याची नुसती भिंत दिसायची. बाबांनी भिंतीजवळ उभं राहून झकास हाक दिली.

"पाणी आलं होऽऽ!"

...

आतून आवाज आला.

"आले, आले."

म्हातारा, बायकी आवाज. मग दगडावर हंडा ठेवल्याचा आवाज. मग दुसरा. मग तिसरा.

मी स्वतः ऐकलं. मी अंगणात होते.

संध्याकाळी कुसुमबाई आईला कोथिंबीर द्यायला आल्या. बाबांनी सहज विचारलं, "टोकाच्या घरात आजी एकट्याच असतात का?"

कुसुमबाईंनी कोथिंबीर पुढे केलेला हात मागे घेतला.

"तिथं कोणी राहत न्हाई, भाऊ."

"अहो, मी हाक दिली. ओ आली की."

त्या खाली ओट्यावरच बसल्या.  "कशाला दिली वो तुमी हाक? ते बी आजच्या दिवशी?"

मग त्यांनी सांगितलं. तिथे तानुबाई नावाची म्हातारी राहायची. मूल नाही, बाळ नाही.

"लय भांडकुदळ होती. पाण्यावरून समद्या गल्लीशी वैर. शेवटी समद्यांनी ठरवलं, हिला हाक द्यायचीच न्हाई. म्या बी दिली न्हाई, खोटं कशाला बोलू? मंग ती घरातच पडून होती, आमाला काय ठावं? पाणी आलं, गेलं. पुन्ना आलं, गेलं. वास यायला लागला तवा दार तोडलं. दाराकडं तोंड करून बसली होती. समोर भांडी ओळीनं मांडलेली. एकात थेंब न्हवता."

कुसुमबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"तिच्या भाच्यानं नवं दार लावलं, कुलूप घातलं. नळ बी तोडलाय. तवापसून तिकडं तोंड करून आमी कोणी हाक देत न्हाई."

मी बाबांना त्याच दिवशी म्हणाले, माझ्याकडे चला. ते हसले. "तुझ्या वन बीएचकेत आम्ही दोघं कुठे झोपायचं? आणि हे घर कोण घेणार, तूच?" खरं होतं. मला रागही आला आणि रडूही. मी एकटीच पुण्याला परतले.

मग आईचे फोन सुरू झाले.

हाक आता उलट्या बाजूने यायला लागली होती.

दुपारी सगळी गल्ली झोपलेली असायची. बाबा एकदम उठून बसायचे. "हाक आली." आईला काही ऐकू यायचं नाही. बाबा नळ सोडायचे. आणि...

धार लागायची. गल्लीत कोणाकडेही यायच्या आधी.

"आता ती मला सांगते आणि मी कुसुमबाईंना सांगतो," बाबा मला फोनवर म्हणाले. "पद्धत तीच, फक्त दिशा बदलली. बिचारीचं वाईट वाटतं गं."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. त्यामुळे मलाच जास्त भीती वाटली.

मे संपत आला होता. एका दुपारी हाक आली, बाबांनी नळ सोडला, पण नळ कोरडाच. त्यांनी दोन बादल्या उचलल्या. आई अर्धवट झोपेत होती. ते तिला म्हणाले, "तिच्याकडे आलंय म्हणते. भरून आणतो."

ते परत आलेच नाहीत.

दत्तराव म्हणजे कुसुमबाईंचे यजमान. त्यांनी आणि गल्लीतल्या पोरांनी स्टेशन पालथं घातलं, नदीकाठ पाहिला, पोलिसांत कळवलं. टोकाच्या घराला बाहेरून कुलूप होतं. गंजलेलं. कडीवर कोळ्याचं जाळं, जसंच्या तसं. त्यामुळे तिथे कोणी शोधलंच नाही.

मी मिळेल ती गाडी पकडून सकाळी पोचले. आई उंबऱ्यात बसली होती. मला बघून रडलीही नाही.

मीच त्या भिंतीपाशी गेले. का गेले, मला सांगता येणार नाही. भिंतीला कान लावला.

...

आत पाणी पडत होतं. भांड्यात धार पडते तसं. भांडं भरत आलं की आवाज बारीक होत जातो ना, तसा होत होता.

"दत्तरावकाका, कुलूप तोडा!" मी इतक्या जोरात ओरडले की माझा घसा बसला.

दत्तराव नको नको म्हणत होते, पण पहार घेऊन आले. कुलूप तुटलं. आई मागोमाग आली होती. दार आत लोटलं.

बाबा जमिनीवर बसले होते. दाराकडे तोंड करून. त्यांच्यासमोर हंडे, कळश्या, पातेली, आमच्या दोन बादल्या, सगळं ओळीने मांडलेलं. सगळं काठोकाठ भरलेलं. भिंतीतून नळाचं तुटकं तोंड बाहेर आलं होतं. त्यावर गंजाचा थर. बाबांचे कपडे कोरडे, तळपायांना धूळसुद्धा नव्हती.

मी त्यांच्या गळ्यात पडले. मोठ्याने रडले, लाज सोडून रडले. बाबा सापडले होते, मला बाकी कशाशी घेणं नव्हतं.

ते उठले. आईकडे बघून म्हणाले, "चला."

आईला बाबा उभ्या जन्मात कधी "चला" म्हणाले नव्हते. "चल गं" म्हणायचे. मला वाटलं, धक्का बसलाय.

त्याच दिवशी दोघांना पुण्याला आणलं. आमच्या घराला कुलूप घातलं, टोकाच्या घराला दत्तरावांनी पुन्हा नवं लावलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. बाबा जेवतात, पेपर वाचतात, विचारलं तर उत्तर देतात. शहाण्यासारखे वागतात. आई मात्र आल्यापासून स्वयंपाकघरात झोपते. "गुडघ्याला गार फरशी बरी वाटते," म्हणते. मी तिच्याशी वाद घातला नाही.

हे सगळं मी विसरले असते. खरंच विसरले असते.

काल दुपारी कुसुमबाईंचा फोन आला.

"भक्ती, एक सांगायचं हाय. महिना झाला, आमी गल्लीवाले तिला बी हाक देतो. चूक आमचीच होती, म्हटलं आता तरी द्यावी.   पण तिची ओ एकदा बी आली न्हाई."

"मग बरंच झालं की, मावशी."

"दुसरंच कोणीतरी ओ द्यायलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आत्ता पाणी यायलंय. मी तिच्या दारापशीच हाय. हाक देती. तू ऐक अन् मला सांग, मला भास व्हायलाय का."

त्यांनी फोन दाराला लावला असावा. त्यांची हाक लांबून ऐकू आली. "पाणी आलं होऽऽ..."

...

दगडावर हंडा ठेवल्याचा आवाज.

मग माणसाचा आवाज आला. दमलेला, घोगरा. मी हा आवाज जन्मल्यापासून ऐकतेय. हजार माणसांत ओळखेन.

"कोण आहे बाहेर? भक्तीला कळवा हो. म्हणावं, त्या दिवशी दार उघडलंस आणि मला इथेच ठेवून गेलीस. मी केव्हाचा दारात बसलोय."

माझ्या हातातून फोन पडला नाही. मी तो घट्ट धरून उभी होते, इतका घट्ट की बोटं दुखायला लागली.

हॉलमधून विचारणा झाली. "कोणाचा फोन?"

बाबांचाच आवाज. पेपरची घडी घातल्याचं ऐकू आलं.

"ऑफिसचा," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात गेले. आई भाजी निवडत होती. मी काही बोलायच्या आधी तिनेच माझ्या तोंडाकडे पाहिलं. विळी बाजूला ठेवली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. दार उघडल्याबरोबर. पण तू त्याच्या गळ्यात पडून एवढी रडत होतीस, माझ्याच्याने बोलवलं नाही."

"मग आपण इतके दिवस कोणाबरोबर..."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. हॉलमध्ये खुर्ची सरकली होती.

उद्या सकाळच्या पूर्णेच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. एक माझं, एक आईचं. हॉलमध्ये जो बसलाय त्याला काय सांगून निघायचं, ते अजून ठरलेलं नाही.