दोन महिन्यांचं वेटिंग

गुलाबसिंगांची रेणू मेडशीजवळच्या तांड्यावरून वाशिमच्या शोरूममध्ये आली काय, छोट्या गाडीच्या जुन्या मॉडेलमध्ये मागच्या सीटवर बसली काय आणि आत अडकली काय! दार उघडेचना. तिने काच वाजवली. बाहेरून दार उघडणारा पोरगा गालात हसत होता.

"लहान लेकरायचं लॉक लागलं हाय. तुमाले बी लागते का?"

"मंग आधी सांगाले काय झालं होतं?"

"सांगतलं असतं तं तुमी लवकर उतरल्या असत्या ना..."

हा शोरूमचा सेल्समन, शिरपूरचा प्रसेनजित. ओळख झाली ती अशी, भांडणानं.

"जुनी का नवी, तूच पाय," तिच्या वडिलांनी, बापूंनी, सांगितलं होतं. मग काय, कॉलेज सुटलं की रेणूची पावलं शोरूमकडे वळायची. कधी जुनीची चावी फिरवून बघ, कधी नवीचं बटण दाब. प्रसेनजित काही दाखवायला वाकला की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास यायचा आणि रेणूला पुढचं काहीच ऐकू यायचं नाही.

"तुमाले पटली तरी कोणती?" एकदा त्याने विचारलं.

"तुमाले कोणती पटते?"

"मले तं... गिऱ्हाईकच पटलं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

ती खूप हसली. घरी जाताना एसटीत मात्र ढसाढसा रडली. गाडी कशासाठी घेताहेत, हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं. आंदणाची गाडी होती ती. नवरदेवाकडच्यांचं म्हणणं एकच — गाडी दारात उभी राहिली की तारीख धरू. बापू शब्द देऊन बसले होते, आणि बापूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

जुनी तयार उभी होती, उद्या म्हटलं तर उद्या मिळाली असती. नवीला दोन महिन्यांचं वेटिंग होतं. रेणूने नवी निवडली. तेवढ्या दोन महिन्यांत धीर करून प्रसेनजितला सगळं सांगायचं, त्याला बापूंपुढे उभं करायचं... बुडत्याला काडीचा आधार!

आठवडा झाला नाही तोच त्याचा फोन आला.

"एका जणानं बुकिंग सोडलं! साहेबाच्या हातापाया पडून तुमचा नंबर वर घेतला. उद्याच बापूले घेऊन या!"

रेणूने फोन तसाच ठेवून दिला. त्याला वाटलं, पोरगी हरखली.

दुसऱ्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. बापूंनी प्रसेनजितच्या हातावर पेढा ठेवला. "तुमच्यानं काम झालं भाऊ. आता याच महिन्यात पोरीचं लगन. आंदणाची गाडी हाय ना! तुमी बी या." आणि फोन कानाला लावून ते बाजूला गेले.

पेढा तसाच त्याच्या हातात राहिला.

"काहून नाही सांगतलं?"

"सांगणारच होती... मले गाडी कुठं पायजे होती? वेटिंग पायजे होतं. तुमच्यावर जीव हाय माहा."

"अन् म्याच..." मग तो घाईने म्हणाला, "आता बोलू? बापूसंग?"

"हो हो, गाडी आली!" बापू फोनवर ओरडत होते. "धरा तारीख!"



प्रसेनजितने मागचं दार उघडलं, ती बसल्यावर हळूच लावलं. बापूंनी गाडी सुरू केली. लहान लेकरांचं लॉक त्याने सकाळीच आठवणीनं काढून ठेवलं होतं, तिच्यासाठी. दार आतून उघडत होतं. तरी रेणूला उतरता आलं नाही.