हरवलेला चतुर

"माझा चतुर गायब झालाय," म्हणत त्या बाई दारातून आत आल्या, तेव्हा अहोंना वाटलं, चतुर हे कुत्र्याचं नाव असणार.

अहो म्हणजे गुप्तहेरबाईंचे यजमान. निवृत्त झाल्यापासून बायकोच्या कामात लुडबुड करायची त्यांना भारी हौस. डोकं होतं, नाही असं नाही, पण जुन्या इंजिनासारखं ते तापायला वेळ लागायचा. बायको 'अहो' म्हणते म्हणून आलेगेलेही त्यांना अहोच म्हणू लागले होते.

चतुर कुत्रा नव्हता, कीटक होता. आलेल्या बाई रानोमाळ हिंडून प्राण्यांचे फोटो काढायच्या, आणि संगणकावर ते काळेपांढरे करून सजवायचं काम त्यांचा धाकटा भाऊ करायचा. दोघांचं अर्धं आयुष्य या जोडकामात गेलं होतं. परवाच्या फोटोत एक बेडूक मान वर करून, कमळाच्या पानावर बसलेल्या लालभडक चतुराकडे टक लावून बघत होता. बाई पुन्हा रानात गेल्या असताना भावाने तो सजवून प्रदर्शनाला पाठवला आणि तो निवडलाही गेला. प्रदर्शन आज संध्याकाळी. सकाळी छापून आलेला फोटो बघतात तर बेडूक जागेवर, पान जागेवर आणि चतुराचा पत्ता नाही. जेवायला बोलावून ताटच वाढलं नाही, तसा तो बेडूक रिकाम्या पानाकडे बघत बसलेला. फोटोतलं काहीही पुसायचं नाही, असा प्रदर्शनाचा नियम होता.

"नियमाचं सोडा," बाई म्हणाल्या. "विचारलं तर तोंडावर सांगतो, चतुर नव्हताच म्हणून. मी फोटो मागे घेणार आणि त्याच्याबरोबरचं कामही बंद करणार. खोटं बोलणाऱ्याशी माझं जमायचं नाही."

गुप्तहेरबाईंनी भिंग घेऊन कमळाचं पान बराच वेळ न्याहाळलं. पानाला शिरा भलत्याच आहेत, एवढंच त्या म्हणाल्या. पानाला शिरा असतातच, असं अहोंनी समजावून सांगितलं.

आधी दोघं छपाईवाल्याकडे गेली. माणूस मोठा बोलका. आपण आलेला फोटो आहे तसा छापतो, बेडकाला मिशा आल्या तर मिशाही छापतो, असं त्याने सांगितलं. भावाने पाठवलेला फोटो त्याने पडद्यावर उघडूनही दाखवला. त्यातही चतुर नव्हता. म्हणजे संशयाची सुई सरळ भावाकडे वळली.

भावाला घरात बारक्या म्हणत, आणि बारक्याने अख्खा दरवाजा भरला होता. शर्टाची बटणं खालीवर, एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात हिरवा. बहीण त्याला गबाळ्या का म्हणते हे अहोंना लगेच पटलं. गुप्तहेरबाईंना तहान लागली. फळीवरच्या त्या लाल पेल्यातून पाणी द्याल का, असं त्यांनी विचारलं. बारक्याने हिरव्या पेल्यातून दिलं आणि त्या ते मुकाट्याने प्यायल्या.

मग त्याने बहिणीने काढलेला मूळ रंगीत फोटो उघडला. चतुर पानावर ठसठशीत बसला होता, अगदी निखाऱ्यासारखा. बारक्याने नाक पडद्याला लावलं, इकडून तिकडून पाहिलं आणि मान हलवली.

"हे बघा ना. बेडूक आणि पान. चतुर कुठाय?"

अहो थक्कच झाले. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोरीचा माल समोर असताना मारलेली अशी बोंब पहिलीच. गुप्तहेरबाई मात्र गालात हसल्या आणि त्यांनी बहिणीला बोलावून घेतलं.

बहीण आली, पण भावाकडे न बघता उभी राहिली.

"चतुर कुणीही पुसलेला नाही," गुप्तहेरबाई म्हणाल्या. "पुसला असता तर त्याचे पंखही गेले असते. भिंगातून बघा. पानाच्या शिरा देठाच्या जागेपासून निघतात, आणि या चार जाळ्या त्यांना आडव्या जातात. हे पंख आहेत. चतुर अजून इथेच बसलाय."

"मग दिसत का नाही?" अहोंनी विचारलं.

"फोटो काळापांढरा करताना प्रत्येक रंगाचा करडा किती गडद ठेवायचा, ते आपण ठरवतो. इथे लाल आणि हिरवा, दोघांचा करडा एकच झाला. पानावर चतुर विरघळून गेला." त्या बहिणीकडे वळल्या. "तुमचा भाऊ खोटं बोलत नाही. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. मी लाल पेला मागितला, त्याने हा हिरवा दिला. त्याचे मोजे बघा. समोरच्या रंगीत फोटोतही त्याला चतुर सापडला नाही."

बारक्याने खाली पाहिलं. त्याला दोन सारखेच मोजे दिसले.

"मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं," तो सावकाश म्हणाला. "तुम्हीच रंगांचा उगाच बाऊ करता."

बहीण मटकन खुर्चीत बसली. लहानपणी याने लाल पानांची झाडं रंगवली म्हणून आपण त्याची किती टर उडवली होती, ते तिला आठवलं. पुढे सगळं काम काळ्यापांढऱ्यातच केलं, त्यामुळे कधी कळायची वेळच आली नाही. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही तिने आवरलं नाही.

गुप्तहेरबाईंनी त्याला काळ्यापांढऱ्या फोटोची लाल रंगाची पट्टी उजळाकडे सरकवायला सांगितलं. बारक्याने ती हळूहळू सरकवली. पानाच्या मधोमध काहीतरी फिकट हललं आणि बघता बघता पांढराशुभ्र चतुर पंख पसरून उभा राहिला.

"ताई, अगं, केवढा देखणा आहे हा," बारक्या पडद्याला नाक लावून म्हणाला. "सांगायचं नाही का?"

"सकाळपासून दुसरं काय सांगत होते रे?"

फोटो पुन्हा छापला गेला. छपाईवाला हातातलं सगळं बाजूला ठेवून याच कामाला लागला आणि फ्रेम वेळेत भिंतीवर चढली. काहीच पुसलं नव्हतं, तेव्हा नियमाचाही प्रश्न मिटला.

संध्याकाळी त्या बेडकासमोर सगळ्यात जास्त गर्दी होती. बहीणभाऊ खुर्च्या जोडून बसले होते. अहो आपल्याला पहिल्यापासून शंका होती असं छपाईवाल्याला रंगवून सांगत होते, आणि गुप्तहेरबाईंनी त्यांना सांगू दिलं.

तेवढ्यात बहिणीने बूट काढले आणि पाय पुढे केले. एका पायात लाल मोजा होता, दुसऱ्यात हिरवा.

"बघ रे बारक्या, कसे आहेत?"

बारक्याने वाकून नीट पाहिलं.

"झकास आहेत की," तो म्हणाला. "अगदी जोडीचे."