रंगरावांच्या रानातला धूर

छप्पन्न सालच्या हिवाळ्यात एका सकाळी चाकणच्या शिवारात मंजुळाच्या बटाट्यावर दहिवर गोठलं, आणि त्या पांढऱ्या पानांत गुडघे टेकून एक परका माणूस चक्क हसत बसला होता. तरणाताठा, गळ्यात मफलर, तळहातावर गोठलेलं एक पान... आणि चेहऱ्यावर आनंद तर असा, की जत्रेलाच आलाय जणू.

"बर्फ आहे हो हा," तो म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा बघतोय."

मंजुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऊन चढलं की हीच पानं उकडल्यासारखी काळी पडतात, बापामागं आम्ही मायलेकींनी राबून वाढवलेलं पीक आहे हे, आणि तुम्हाला कसलं आलंय कौतुक, म्हणून तिनं त्याला उभा-आडवा झाडला. बिचारा घाईनं उठला, आणि उठता उठता दोन रोपं तुडवली. मग तर विचारूच नका.

तो यशवंत घाडी, देवगडकडचा. पुण्याच्या हवामान कचेरीनं माळावर झडपांची एक पांढरी पेटी उभी केली होती. तिच्यातला पारा रोज सकाळ-संध्याकाळ वाचायला त्याला ठेवलेलं. गावानं पेटीला खुराडं म्हटलं आणि त्याला हवामास्तर.

मंजुळाचा राग काही उगाच नव्हता. तिचे चुलते रंगराव तिला खेडच्या एका बिजवराच्या गळ्यात बांधायला निघाले होते. तिनं भावकीसमोर भांडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की यंदाचा बटाटा हाती आला तर लग्न तिच्या मनानं. बुडाला तर चुलते म्हणतील तिथं. रंगराव हसून हो म्हणाले होते. ते हसणं आठवलं की तिला अजून दात-ओठ खावेसे वाटत.

दुसऱ्या दिवशी यशवंत माफी मागायला आला. तिसऱ्या दिवशी पारा किती उतरला ते सांगायला. मग येतच राहिला... आणि ती रोज नव्यानं चिडत राहिली. त्याच्या वहाणांचा आवाज बांधावर यायला उशीर झाला तरी चिडायची, मग आपण वाट बघतोय हे कळून स्वतःवर चिडायची.

"तुम्ही रोजच अशा रागात असता?" त्यानं एकदा विचारलं.

"न्हाई. तुमी दिसला की."

"मग रोज येत जाईन. थंडीत तेवढीच ऊब —"

तिनं ढेकूळ उचललं. तो पळाला, पण पळताना मागं वळून बघत होता. ढेकूळ तिच्या हातातच राहिलं, आणि गालांना काय झालं होतं कुणास ठाऊक, आरशात बघायची तिची हिंमत झाली नाही.

संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी मात्र तो हसला नाही. आकाश निरभ्र होतं, वारा पडला होता. त्या दिवशी शेंड्याच्या पानांवर निभावलं होतं, उद्या पहाटे त्याहून कडक गोठणार, म्हणाला. मंजुळानं वरच्या रानाकडे बघितलं. अशा पहाटे वरच्या रानवाल्यानं ओला पाला पेटवून धूर करायचा, हा शिवाराचा रिवाज. वरच्या बांधावरून निघालेला धूर खालच्या पिकावर पांघरुणासारखा बसतो. आपल्याच बांधावर केला तर आपल्या डोक्यावरून पुढं निघून जातो. आणि वरचं रान रंगरावांचं. त्यांचा बटाटा कधीच काढून झाला होता.

"वरच्या बांधावर पेटवाया लागतं, आन् चुलता न्हाई पेटवायचा," ती म्हणाली. "आन् दुसऱ्याच्या रानात इस्तू घेऊन पाऊल टाकलं तर डोकी फुटत्यात आमच्यात. मरू द्या. जावा तुमी."

पहाटे ती उठून आली, तर शिवार धुरानं भरलेलं. तिच्या सगळ्या सऱ्यांवर धूर दाट पसरला होता, आणि वरच्या बांधावर रंगराव काठी घेऊन ओरडत होते. खतासाठी रचलेला त्यांचा पाल्याचा ढीग धुमसत होता. समोर यशवंत उभा. तोंड काळं, डोळे लाल, हात पोळलेला.

"पेटलंच नाही हो," तिला बघून तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "आमच्याकडे शेत भाजतात तसा मोठा जाळ करून हवा तापवणार होतो... पाला दवानं ओला. इतका फुंकला, पण नुसता धूरच झाला."

मंजुळा त्याच्याकडे बघतच राहिली. एवढा शिकलेला गडी, आणि धूरच पाहिजे असतो एवढंही ह्याला ठाऊक नाही. तिला हसू आलं, रडू आलं, आणि त्या पोळलेल्या हाताकडे बघून सगळ्यांत जास्त राग आला. पदराची चिंधी फाडून तिनं तो हात असा करकचून बांधला की तो कळवळला.

रंगराव गरजले, की दुपारच्या आत ह्या मास्तरनं खुराडं उचलून गावाबाहेर व्हावं.

"त्यो कुटं जाणार न्हाई, आबा," मंजुळा म्हणाली. उजाडलं होतं, धुराखालची पानं हिरवीगार दिसत होती. "पीक वाचलं. शबूद तुमचा व्हता."

"आन् खेडला काय सांगू?"

"सांगा, पोरगी लई रागीट हाय. तिनं आपला नवरा आपुन बघितलाय."

रंगरावांची काठी खाली आली. ते घराकडे निघाले.

यशवंतनं बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे... मला कुणी विचारलंच नाही."

"तुमी रान पेटवताना कुणाला इचारलं?" ती फणकारली, आणि त्याचा हात काही तिनं सोडला नाही.