अठ्ठ्याण्णव खाने

सायखेड्यात आपल्या घरापुढं रोहिणी उलथन्यानं रोपांचा ट्रे खरवडत होती, तेव्हा पत्ता विचारायला एक मोटारसायकल थांबली. नदीकाठची काळी माती तिनं हौसेनं ट्रेमध्ये भरली होती. तिची आता वीट झाली होती, आणि टोमॅटोचं एकही बी वर यायला राजी नव्हतं.

“मॅडम, रोपं करताय की भिंत बांधताय?”

रोहिणीनं उलथनं रोखलं. “पत्ता पायजे का मार?”

पत्ता राहिला बाजूला. मोटारसायकलवरचा हर्षल पिंपळगावला बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. दुसऱ्या दिवशी तो कोकोपीट घेऊनच हजर झाला. नारळाचा तो भुसा त्यानं दोनदा धुतला, गांडूळखत कालवलं आणि मुठीत दाबून दाखवला. “पाणी गळायला नको. बोटं ओली झाली... बास.” बोलताना तो तिच्या बोटांकडंच बघत होता.

अठ्ठ्याण्णव खान्यांचा ट्रे भरून झाला, वर बारीक जाळीही बसली. “सगळे खाने उगवेपर्यंत रोज चक्कर मारीन,” तो म्हणाला. “मग तुम्ही मोकळ्या.”

मोकळ्या! रोहिणीला तो शब्द मुळीच आवडला नाही.

पाचव्या दिवसापासून कोंब दिसू लागले. चाळीस, सत्तर, नव्वद... मेलं कोकोपीट भलतंच चांगलं निघालं. आठव्या दिवशी सकाळी सगळेच्या सगळे खाने हिरवे! आता हा कशाला येतोय? रोहिणीनं इकडंतिकडं पाहिलं आणि चार रोपं अलगद उपटली.

“चौऱ्याण्णव,” संध्याकाळी हर्षलनं मोजली. “उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी नव्वद. तिसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी.

“उगवलेलं परत आत जातं,” तो डोकं खाजवत म्हणाला, “हे पहिल्यांदाच बघतोय.”

“चिमण्या लय झाल्यात...”

“जाळीच्या आत?”

रोहिणीची आई लंकाबाई चहा घेऊन आली होती. “कसल्या चिमण्या? हीच उपटती, अन् खिडकीत डब्यात लावती. अकरा झाली.”

धरणीनं पोटात घ्यावं, असं रोहिणीला झालं. पण हर्षल हसला नाही. त्याचेच कान लाल झाले.

“मी पण दुकानात सांगून आलोय,” तो चाचरत म्हणाला, “सायखेड्याचा ट्रे पार बिघडलाय... महिनाभर जावं लागंल.”

“का?”

“का म्हंजे... आवडतेस तू मला.”

रोहिणी आत पळाली. आता येत नाही, असं त्याला वाटलं, तोच ती डबा घेऊन बाहेर आली आणि तो तिनं त्याच्या हातात ठेवला.

“ही अकरा तू सांभाळ. टोमॅटो लागेपर्यंत रोज मी येईन बघायला.”

“रोज कशाला हेलपाटे?” लंकाबाई कपबशी पुढं करत म्हणाली. “त्याच्या आईलाच एकदा घेऊन यायला सांग की!”