तिसऱ्या नावाचं पाणी

ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी आहे, देवाशपथ. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे निम्मं, उरलेलं निम्मं घडताना मी डोळे गच्च मिटून बसलो होतो. आणि देवाशपथेचं म्हणाल, तर ती मी ऑफिसात उशीर झाला तरी घेतो, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नका. दिवे गेलेत, यायला तास तरी लागेल. मेणबत्ती इकडे सरकवा आणि ऐका.

साल पंच्याण्णव. दिल्लीतल्या मराठी मंडळींचे दिवस तेव्हा पालटत होते. ज्यांनी जन्मभर सरकारी क्वार्टरांच्या पिवळ्या भिंती पाहिल्या, त्यांनी मयूर विहारात सोसायटीचे फ्लॅट घेतले, दारात मारुती आली, कोणाचा मुलगा परदेशी कंपनीत लागला. सगळं आलं, यायचे राहिले होते ते फक्त पूर्वज. ती सोय मी करत असे. मी एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात होतो, तिथे माझं नसणं कोणाच्या लक्षात येत नसे, आणि मला मोडी वाचता यायची. घरोघरची टिपणं, तीर्थाच्या पंड्यांच्या वह्या धुंडाळून मी लोकांना वंशावळी काढून देई. जिथे कागद संपे तिथे मी सुरू होई. पानिपतात पडलेले पूर्वज तर मी इतके वाटलेत, की तेवढे लोक खरंच मैदानात असते तर ती लढाई आपण जिंकलो असतो.

श्रीपाद शेवडे माझा जुना मित्र. त्याच्या मुलीला, कादंबरीला, गुडगावच्या सुधाकररावांच्या मुलाचं स्थळ आलं होतं. नवा बंगला, मुलगा हुशार, मुलगी पसंत. दसऱ्याला साखरपुडा करायचा असं ठरतच आलं होतं. सुधाकररावांनी फक्त एक निरोप धाडला होता: घराण्याची माहिती पाठवा, आमची ग्वाल्हेरची मंडळी विचारतात.

"यार, आमच्यात माझ्या पणजोबांच्या पलीकडचं कोणी सांगूच शकत नाही," श्रीपाद म्हणाला. "अण्णांना विचारलं तर म्हणतात, माझे आजोबा गणेशपंत, त्यांच्या वर देव."

अण्णा म्हणजे त्याचे वडील, शांतारामपंत. पंचाहत्तरीचे, सडसडीत, आणि तोंडात तीळ न भिजणारे.

आम्ही दोघं बसने गढमुक्तेश्वरला गेलो. दिल्लीपासून दोन-अडीच तासांवर गंगा आहे, आणि गंगेवर पंडे आहेत. शेवड्यांच्या पंड्याने लाल फडक्यातली लांबोडकी वही सोडली. दमट कागदाचा वास आला. चार-पाच पिढ्या मागे एक नोंद सापडली, मोडीत, वाकड्यातिकड्या हाताची. मी ती वाचली आणि श्रीपादला ऐकवली. 'भिकाजी शेवडे, काश्यप गोत्र, मुक्काम दिल्ली, पाणक्या. पुत्र गणेश, वय पाच. पुढे जो येईल त्याने माझ्या नावे पाणी सोडावे. मी पुष्कळांचे भरले आहे.'

"पाणक्या म्हणजे?" श्रीपादने विचारलं. तो दिल्लीतच वाढलेला.

"लोकांच्या घरी विहिरीचं पाणी भरून देणारा ब्राह्मण. खांद्यावर घागर घेऊन दिवसभर जिने चढायचे."

श्रीपाद घाटाकडे बघत राहिला. "हे सुधाकररावांना कळवू? त्यांच्याकडे आत्ता पाणी भरणारा माणूस ठेवलाय, टँकरवर. दुसरा कोणी नाही का रे?"

"आहे की," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये, हापुडचे पापड खाता खाता, मी दौलतरावांना जन्म दिला. दौलतराव शेवडे, दिल्लीच्या रिज टेकडीवर, हिंदूरावाच्या वाड्याशेजारी कोठी असलेल्या एका सरदाराचे कारभारी. पालखीचा मान. दोन गावं इनाम. मुलगा गणेशपंत. नोएडातल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर झाड काढून घेतलं, लॅमिनेट केलं. मुळाशी दौलतराव. भिकाजी कुठेच नाही. घरी सांगायचं, पंड्याच्या वहीतून निघालं.

"दसऱ्यापर्यंत अण्णांना भिकाजीचं अक्षर कळता कामा नये," श्रीपाद म्हणाला. "ते सुधाकररावांना फोन करून सांगतील. शब्द दे."

मी दिला. शब्द द्यायला आपण कधी मागे नसतो.

मग पितृपक्ष लागला. पंचमीला अण्णांच्या वडिलांचं श्राद्ध होतं, मला जेवायला बोलावणं होतं. गुरुजींची त्या दिवशी पाच घरं होती. ते स्कूटरवरून धापा टाकत आले आणि म्हणाले, "नावं लिहून द्या, पटपट होईल." श्राद्धात तीन पिढ्यांची नावं लागतात: बाप, आजा, पणजा. एरवी शेवड्यांकडे पणजोबांच्या जागी नाव माहीत नाही, जो कोणी असेल त्याला, असं म्हणून पाणी सोडत. तसं चालतं. जो कोणी असेल त्याला ते बरोबर पोचतं. पण त्या दिवशी अलकनंदावहिनींनी, श्रीपादच्या बायकोने, हौसेने भिंतीवरचं झाड काढून गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं.

"अस्मत्प्रपितामहं दौलतरावशर्माणं काश्यपगोत्रं आदित्यरूपं..." गुरुजी म्हणाले. अण्णांनी तीळ आणि पाणी घेऊन अंगठ्यावरून सोडलं. पापडाच्या पुडीसकट बसमध्ये जन्मलेल्या माणसाला.

मी ऐकलं. श्रीपादनेही ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी स्वयंपाकघराकडे. वडे तळले जात होते, खीर झाली होती. एक शब्द बोललो असतो तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

चार दिवसांनी वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमच्या सोसायटीला अचानक काय झालंय कळत नाही. पाण्याची चंगळ आहे."

मयूर विहारात तेव्हा पाणी सकाळी अर्धा तास यायचं. वहिनी उठायच्या तर बादल्या भरलेल्या. नळ कोरडा. पिंप भरलेलं, कूलरची टाकी काठोकाठ. वहिनींना वाटलं श्रीपादने भरलं, श्रीपादला वाटलं वहिनींनी. आधी सगळ्यांना बरंच वाटलं. मग कुकर भरलेला निघाला, झाकण लावलेला. मग कपाटातली फुलदाणी. मग अण्णांचा चष्म्याचा डबा. त्याच आठवड्यात अख्खी दिल्ली गणपतीला चमच्याने दूध पाजायला रांगा लावून उभी होती, त्यामुळे चमत्काराचं फारसं कोणी मनावर घेत नव्हतं. वहिनी मात्र घरातली रिकामी भांडी पालथी घालून ठेवू लागल्या.

भांडी पालथी घातली त्या दिवसापासून अण्णांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, थोडा कफ आहे, वय आहे.

सर्वपित्री अमावास्येला सुधाकररावांकडे जेवणाचं बोलावणं आलं. ग्वाल्हेरची मंडळी आली होती, त्यांना ते झाड बघायचं होतं. श्रीपाद, वहिनी, कादंबरी, तिघं मारुतीतून गुडगावला गेले. झाड मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळून. अण्णांजवळ मी थांबलो.

दुपारचा एक वाजला असेल. वीज गेली. कूलर आचके देत थांबला आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. खिडक्यांना उन्हासाठी खाकी कागद लावलेला, त्यामुळे खोलीत मातकट अंधार. अण्णा कॉटवर उशांना टेकून बसले होते. खाली कुठेतरी भाजीवाला ओरडत होता, तो गल्लीच्या टोकाला गेला. मग जिन्यावर पावलं वाजली.

अनवाणी. ओली. न बघताही कळतं ना, ओला पाय फरशीवर कसा वाजतो. एक एक पायरी, मध्ये थांबून. ओझं असलेला माणूस थांबतो तसं. पहिला मजला. दुसरा. आम्ही तिसऱ्यावर होतो.

"दार लावलंय ना?" अण्णांनी विचारलं.

"लावलंय."

पावलं दारापाशी थांबली नाहीत. ती स्वयंपाकघरात वाजली. तांब्याचा वास आला, शेवाळाचा वास आला. वाकल्यावर म्हातारा माणूस 'हं' करतो, तसा आवाज झाला. मग काहीच नाही. ओतल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत होतो, तो येत नव्हता. भांड्यांना हात लागल्याचा आवाज येत होता. एक सरकवलं. दुसरं सरकवलं. सगळी पालथी.

"रिकामं शोधतोय..." अण्णा हळूच म्हणाले.

आणि त्यांच्या छातीत बुडबुड झालं. बाटली नळाखाली धरल्यावर होतं तसं, तळापासून वर. त्यांनी श्वास घेतला तो अर्धाच आत गेला. पावलं स्वयंपाकघरातून निघाली, बैठकीतून आली, आणि खोलीच्या उंबऱ्याशी थांबली. मी तेव्हा डोळे मिटले. तिथे काय होतं ते मला विचारू नका.

"तुम्ही वह्या वाचता," अण्णांनी माझं मनगट धरलं. हात गार पडला होता. "आमच्यातलं कोणी राहिलंय... तुम्हाला माहीत आहे. नाव काय? मी देतो त्याला पाणी. आज सर्वपित्री आहे... अजून वेळ आहे. नाव सांगा."

मी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"नाव काय हो..."

छातीतलं पाणी वर चढत होतं. मला ते ऐकू येत होतं. गुडगावात त्या वेळी पानं वाढली गेली असतील, ग्वाल्हेरकरांनी चष्मा लावून झाड बघायला घेतलं असेल. मी शब्द दिलेला होता. पण समोर माणूस बुडत होता, कोरड्या खोलीत, कॉटवर. मी डोळे उघडले ते फक्त अण्णांपुरते, त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "भिकाजी. तुमचे पणजोबा. पाणक्या होते."

अण्णांनी उशाचं फुलपात्र घेतलं, उजवा तळवा कलता केला. तीळ नव्हते. नुसतं पाणी अंगठ्यावरून सोडलं. "काश्यपगोत्र भिकाजी... तृप्त व्हा." खाली फरशीवर पाण्याचा थेंब पडलेला दिसला नाही. उंबऱ्यावर कोणीतरी लांब श्वास सोडला. मग पावलं जिना उतरत गेली, आता हलकी, न थांबता, आणि या वेळी ती कोरडी वाजली. अण्णांना खोकल्याची उबळ आली, आणि छाती मोकळी झाली. संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन लावून सुधाकररावांना सगळं सांगितलं. सुधाकरराव हसले म्हणे, आणि म्हणाले, आमचे तरी कोण सरदार होते. दसऱ्याला साखरपुडा झाला.

आता दिवे येतील. त्याआधी सांगून टाकतो. यातला शेवट मी रचलेला आहे.

अण्णांनी तीनदा नाव विचारलं, हे खरं. तिसऱ्यांदा मी सांगितलं, हेही खरं. मी म्हणालो, "दौलतराव. पुन्हा त्यांनाच द्या."

अण्णांनी विश्वासाने अंगठ्यावरून पाणी सोडलं, "दौलतराव, तृप्त व्हा." थेंब फरशीवर पडला, टप्पकन. उंबऱ्यावरून पावलं आत आली.

फोन केला नाही, कोणी हसलं नाही. श्रीपाद पाच वाजता आला तो हसतमुख, झाड सगळ्यांना फार आवडलं होतं. आम्ही अण्णांना इस्पितळात नेलं. चौथ्या दिवशी ते गेले. साखरपुडा पुढे ढकलला, लग्न वैशाखात झालं. आणि बाराव्या दिवशी गुरुजींनी अण्णांना त्यांच्या पितरांत मिळवलं, तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. आता श्रीपादचे तीन म्हणजे अण्णा, त्यांचे वडील, आणि गणेशपंत. त्याच्या वरचा माणूस नियमानेच सुटतो. जो कोणी असेल त्याला, असं म्हणायलाही जागा उरत नाही. भिकाजीला पाणी देऊ शकणारा शेवटचा माणूस अण्णा होते, आणि त्या खोलीत नाव माहीत असलेला मी.

श्रीपादला मी हे कधीच सांगितलं नाही. तोही विचारत नाही.

एवढंच एक रचलं. बाकी सगळं खरं आहे. इस्पितळातलंही. तिथे पहिल्या संध्याकाळी डॉक्टरांनी सुई घालून अण्णांच्या छातीतलं पाणी काढलं, काचेच्या बाटलीत. फुफ्फुसात असं साठतं, घाबरू नका, म्हणाले. अण्णांच्या अंगात एकशे तीन ताप होता. वॉर्डात पंखे बंद, बाहेर सप्टेंबरचा उकाडा. नर्सने बाटली उचलली आणि लगेच खाली ठेवली, बोटं पदराला पुसली, आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी बाटलीला हात लावला, आणि तो कोटाला पुसला.

बाटलीला बाहेरून दव धरलं होतं.